पाव्हणी आणि थ्री फेज

बुधवार, २ जानेवारी २०१९

लातूर स्टेशनवर उतरलेल्या माणसाला लातूर दिसत नाही. स्टेशन शहराच्या कडेला, समोर रिक्षावाले आणि मोकळं रान. मुंबईहून रात्रभर आलेली गाडी रिकामी झाली तेव्हा माझ्या हातात जर्मनीहून येणाऱ्या एका मुलीच्या नावाची पाटी होती, पण पाटीचं काही काम पडलं नाही. पाठीवर एक आणि पोटावर एक पिशवी अडकवलेली, सहा फुटाला दोन बोटं कमी असलेली मुलगी अख्ख्या फलाटावर ती एकटीच. मी जर्मनमधून "प्रवास कसा झाला?" म्हणून विचारलं आणि तिचे डोळे भरले. त्या डोळ्यांची मला ओळख होती.

मी लातूरची, एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण करते. मधलं एक वर्ष मी श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावी, वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून काढलं आहे. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्याच वर्षी सप्टेंबरात मी गेले. ही मुलगी विद्यापीठातलं एक वर्ष बाजूला ठेवून आठ महिन्यांसाठी इकडे आलेली, उस्मानाबाद जिल्ह्यात लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात बालवाडीला आणि मुलींच्या अभ्यासवर्गाला मदत करायला. संस्थेला पहिले काही दिवस तिच्यासोबत राहणारं, भाषा जाणणारं कुणीतरी हवं होतं. माझं सेमिस्टर उशिरा सुरू होणार होतं, म्हणून मी हो म्हटलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिचंही नाही. तसंही गावानं तिला नावानं हाक मारलीच नाही. पहिल्या मिनिटापासून ती 'पाव्हणी'.

स्टेशनातून बाहेर पडताना मी तिला रूळ दाखवले. १२ एप्रिल २०१६ ला ह्याच रुळांवरून मिरजेची पहिली पाणीगाडी आली होती, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते पाणी आमच्या घरी पोचलं का, असं तिनं विचारलं. आमच्या गल्लीत टँकर यायचा. त्यात रेल्वेचं पाणी होतं की कुठल्या विहिरीचं, ते पाण्यावर लिहिलेलं नसतं.

घरी आईनं नाश्त्याला सुशीला केला होता. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी, शेंगदाणे, वरून लिंबू. "सुशीला हे बाईचं नाव आहे ना?" तिनं व्हिसाच्या तयारीत थोडं मराठी वाचलेलं. आहे म्हटल्यावर तिनं घरी निरोप पाठवला की भारतातल्या पहिल्या सकाळी आम्ही सुशीलाला खाल्लं.

दुपारची एस.टी. औसा, लामजना, किल्लारी. औशाच्या पुढे खिडकीतून दिसणारी ज्वारी गुडघ्याएवढी, काही ठिकाणी तेवढीही नाही. पावसानं ह्या वर्षी अर्ध्यातच हात काढून घेतलेला. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात उस्मानाबाद जिल्हाही होता. तिला मात्र बाहेर बघायला उसंतच नव्हती, कारण बस तिच्याशी बोलत होती. मॅडम कुठल्या? लग्न झालं का? वडिलांना जमीन किती? पगार किती देणार इथं? पगार नाही म्हटल्यावर मागच्या सीटवरच्या मामांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी भाषांतर करत होते आणि मनात हिशेब चालू होता. तिकडे मी वर्षभर एकाच बसनं कामाला गेले. ड्रायव्हर रोज 'गुटन मॉर्गन' म्हणायचा. वर्षभरात माझ्याशी बसमध्ये झालेलं बोलणं एवढंच.

पाटीवर, म्हणजे गावाच्या फाट्यावर, उतरून गावात चालत गेलो. जिथं ती राहणार होती त्या घरच्या आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून लांब फेकला, तांब्यातलं पाणी पायांवर घातलं. मारायला आल्या असं वाटून ती दोन पावलं मागे सरली.

"भिऊ नगं माय," आजी म्हणाल्या. "लई लांबून आलीस, कुणाची नजर लागली असंल."

गुरुवार, ३ जानेवारी

आजचा दिवस कागदाचा. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की घरमालकानं चोवीस तासांत 'फॉर्म सी' भरून परदेशी नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. हॉटेलवाले हे रोज करतात, आजी पहिल्यांदाच. फॉर्म ऑनलाइन आणि गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. मी आठव्या पायरीवर, ती सहाव्या, आजी खाली ओट्यावर. घर क्रमांक विचारला तेव्हा मी अडखळले, कारण खेड्यात घराला कुठला नंबर? पण खालून आजींनी लगेच सांगितला. १९९३ च्या भूकंपानंतर वसवलेलं गाव, प्रत्येक घराला प्लॉट नंबर आहे आणि प्रत्येकाला तो पाठ आहे.

तिच्या व्हिसाची गंमत अशी की तो रोजगाराचा आहे. सेवाभावी काम करायला येणाऱ्यांनाही भारत तोच देतो. आणि मुक्काम १८० दिवसांवर असल्यानं आल्यापासून १४ दिवसांत स्वतंत्र नोंदणी. मला हसू आलं. जर्मनीत नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत नगर कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, 'आनमेल्डुंग'. ती परदेशी माणसालाच नाही, जर्मन माणसालाही करावी लागते. ती नसेल तर बँकेचं खातं अडतं, सगळंच अडतं. शिवाय दाराच्या घंटीवर स्वतःचं नाव चिकटवायचं, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो. माझं नाव तिथं चुकीचं छापून आलं होतं, दोन अक्षरं खाऊन. मी तेच वर्षभर राहू दिलं.

इथं रात्री दहापर्यंत शेजारच्या गावातल्यांनासुद्धा कळलं होतं की पाव्हणी दुधाचा चहा पीत नाही.

रात्री साडेदहाला कुणीतरी लांबून ओरडलं, "लाइट आलीऽऽ!" घरात दिवे होतेच, म्हणून ती चक्रावली. मी सांगितलं, ही लाइट म्हणजे थ्री फेज, पाण्याची मोटर चालवणारी वीज. गावाच्या टाकीचा उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, आटल्यावर तहसीलनं एका शेतकऱ्याची बोअर अधिग्रहित केली आहे. तिची मोटर शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर. शेतीला वीज एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री दहा तास, आणि ती कागदावरची वेळ. प्रत्यक्षात फेज येईल तेव्हा मोटर सुरू होते, बोअर दम टाकेपर्यंत चालते, आणि तेवढ्यात चौकातल्या तोटीला सगळ्यांचे नंबर. बायका अंथरुणातून उठून घागरी, कळश्या, कॅन घेऊन पळाल्या. तीही उठली. आजींनी तिच्या हातातली कळशी काढून घेतली.

"पाव्हण्याला कुणी पाण्याला लावतंय का?"

शुक्रवार, ४ जानेवारी

उद्या येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-उस्मानाबादकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, बाकी महाराष्ट्राला सांगावं लागतं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. दुकानं बंद, रस्ते ओस. पिकानं भरलेल्या काळ्या आईचे डोहाळे पुरवायचे, असं बायका म्हणतात.

दिवसभर चुली पेटत्या. ज्वारीचे, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, धपाटे, आणि ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली आंबील. आमची पाव्हणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून होती. तिनं लसूण सोलायला घेतला, तो काढून घेतला. झाडू घेतला, तोही. बालवाडी दोन दिवस बंद. संध्याकाळी तिनं मला विचारलं, "माझं काम कधी सुरू होणार?"

मला माझा दुसरा दिवस आठवला. सकाळी साडेसहाला हातात वेळापत्रक, मग टॉवेलच्या घड्या, मग बारा आजी-आजोबांचा नाश्ता. कुठल्या आजोबांना कॉफीत किती साखर, ते भिंतीवर लिहिलेलं. काम इतकं नीट आखलेलं की कुणाला काही विचारायची वेळच यायची नाही. मी जेवले का, हे पहिल्या आठवड्यात एकाही माणसानं विचारलं नाही. ते दुष्ट नव्हते. मोठ्या माणसाला भूक लागली की तो जेवतो, असं त्यांचं सरळ गणित होतं. मी दोन दिवस उपाशी राहिले, कारण 'जेवतेस का' असं कुणी दोनदा विचारेपर्यंत नाही म्हणायचं, हे माझं गणित.

शनिवार, ५ जानेवारी

सकाळी आठलाच गाव रिकामं झालं. आजींच्या सुनेच्या डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेलं आंबिलीचं बिंदगं, मुलाच्या खांद्यावर भज्जीचं पातेलं. बैलगाडी आता गावात दोनच, बाकी मोटारसायकली आणि टमटम. आम्ही चालत निघालो.

शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. कोपीला शाल पांघरलेली. पूजा झाली आणि आजींचा मुलगा तांब्यात आंबील घेऊन पिकात शिरला. ज्वारीच्या ताटांवर शिंपडत, "ओलगे, ओलगे" अशी आरोळी देत. ती आरोळी कानडी वळणाची आहे. सीमा इथून फार लांब नाही, आणि शब्दाचा अर्थ गावात कुणाला विचाराल तर चार माणसं चार अर्थ सांगतील. मागून पोरं ओरडत होती. त्यांच्या मागून पाव्हणीही ओरडली. तिचं 'ओलगे' ऐकून लांबच्या शेतातली माणसं उभी राहून बघायला लागली.

पीक मात्र बघवत नव्हतं. हरभरा विरळ, तूर वाळलेली. मी आजींच्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, अशा सालात एवढा खर्च कशाला? बाजारातून विकतचे वाटाणे, वालाचे दाणे आणून भज्जी केली होती. एरवी सगळं आपल्या रानातलं असतं.

"रानाला काय ठावं दुष्काळ हाय म्हणून," तो म्हणाला. "तिला जेवू घालायचं सोडलं तर ती तरी कामून देईल?"

भज्जी कशी असते ते लिहून सांगणं अवघड आहे. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, मेथी, चिंच, बेसन, लसणाचा ठेचा, आणि तिखट इतकं की डोळे पुसत खायचं आणि आंबील पीत राहायचं. पाव्हणीनं पहिला घास घेतला, थांबली, सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसरा घेतला. टाळ्या पडल्या. इथंच थांबलो असतो तर बरं होतं. पण येळवशीला वाटेवरच्या माणसाला बोलावून जेवू घालतात, आणि परदेशातून आलेल्या माणसाला न जेवता जाऊ देणं कुणाला परवडणार? आम्ही पाच शेतांत जेवलो. तिसऱ्या शेतात मी तिला 'पोटावर हात ठेवून मान हलव' असं शिकवलं. त्याचा अर्थ तिथं 'अजून भूक आहे' असा घेतला गेला.

रविवार, ६ जानेवारी

जे व्हायचं ते झालं. पहाटेपासून तिचं पोट बिघडलं. मीठ-साखरेचं पाणी, ताकभात, उमरग्याहून आणलेल्या गोळ्या, आणि दर अर्ध्या तासाला एक शेजारीण एकेक उपाय घेऊन. ओवा, सुंठ, डाळिंबाची साल. एकीनं दृष्ट काढली. मी मोजल्या, दुपारपर्यंत एकोणीस बायका तिच्या खाटेभोवती बसून गेल्या. कुणी पाय दाबत होतं, कुणी केसांवरून हात फिरवत होतं, "लेकराची माय किती लांब" म्हणून एक आजीबाई तर रडल्यासुद्धा.

चार वाजता ती माझा हात धरून बाहेर आली आणि न्हाणीच्या मागे उभी राहून हमसाहमशी रडली. पोट दुखत होतं म्हणून नव्हे. "मला एक तास कुणाचंही तोंड बघायचं नाही," म्हणाली. "दार लावलं की दोन मिनिटांत कुणीतरी उघडतं. सगळे इतके चांगले आहेत की मला रागावतासुद्धा येत नाही."

मी तिला माझा तिकडचा डिसेंबरातला एक रविवार सांगितला. रविवारी तिथं दुकानं बंद. वृद्धाश्रमात माझी सुट्टी. साडेचारला सूर्य मावळलेला. रस्त्यावर एक कुत्रं नाही, कारण कुत्रीही मालकासोबतच निघतात. सकाळपासून माझ्या तोंडून शब्द गेला नव्हता, म्हणून मी खोलीत मोठ्यानं पाढे म्हटले. एकोणतिसाचा अडखळत, पण पुरा. घरी फोन करता आला असता, पण फोनवर आईनं आवाज ओळखला असता. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "असा रविवार मला आत्ता कुणी दिला तर मी पैसे मोजीन." आम्ही दोघी हसलो. न्हाणीच्या पलीकडून कुणीतरी विचारलं, "बरं वाटलालंय का पाव्हणीला?"

रात्री मी आजींशी बोलले. एक तास तरी तिला एकटीला राहू द्या.

"एकटं कशाला बसायचं?" आजींना खरंच कळेना. "कुणाशी भांडली का?"

मी सांगितलं, त्यांच्याकडे तशी रीत आहे. आजींनी विचार केला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर पोतं अंथरून स्वतः बसल्या, तंबाखूची चंची मांडीवर घेऊन. येईल त्याला परत लावत होत्या. "पोरगी एकटी बसलीय. मागून या." एकटी बसलेल्या पोरीला बघायला त्यामुळे जरा जास्तच माणसं आली, पण आत कुणी गेलं नाही.

सोमवार-मंगळवार, ७-८ जानेवारी

बालवाडी सुरू. पोरांना तिचं फार काही वाटलं नाही, मोठ्यांनाच वाटत होतं. पहिल्या तासात त्यांनी शोधून काढलं की हिला 'ळ' येत नाही. बाळ म्हण, फळ म्हण, कमळ म्हण. ती 'बाल, फल, कमल' म्हणायची आणि पोरं जमिनीवर लोळायची. जीभ मागे वळवून टाळूला लावायची आणि सोडायची, हे मी चित्र काढून दाखवलं, काही उपयोग झाला नाही. चार वर्षांची एक मुलगी रोज तिच्या तोंडात डोकावून जीभ कुठं आहे ते तपासायची.

ह्या आठवड्यात फेज दिवसाची. दुपारी शाळेच्या वेळेत पाणी येतं, मग मोठ्या मुली वर्गातून उठून जातात. अभ्यासवर्गाचं वेळापत्रक तिनं रंगीत खडूनं केलं होतं. दोन दिवसांत ते फळ्यावरून पुसलं गेलं.

बुधवार, ९ जानेवारी

आज आजी आम्हाला जुन्या गावी घेऊन गेल्या. तीन-एक किलोमीटर, पायवाटेनं. वेड्या बाभळी, मधूनच दगडी जोतं, एक अर्धी कमान, एका वाड्याच्या पायऱ्या, ज्या कुठेच जात नाहीत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. आमच्या भागातली घरं म्हणजे हात-दोन हात रुंद दगडाच्या, चिखलात रचलेल्या भिंती आणि वर लाकडावर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात असं गार घर नाही. तेच माळवद आणि त्याच भिंती अंगावर आल्या. किल्लारी-सास्तूर पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

आजींची दोन लेकरं आणि सासू. त्या एका जोत्यावर बसल्या आणि शेजारी हात ठेवून म्हणाल्या, "हितं चूल हुती."

मला भाषांतर करायला लागलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या तिच्याकडे वळून बोलायला लागल्या, मी मागून सांगत गेले. तेव्हाही लई लोक आले होते. मिलिटरी आली, डॉक्टर आले, मुंबईचे, परदेशातले, कॉलेजची पोरं. कुणी पत्रे दिले, कुणी भांडी, कुणी शिवणयंत्रं. "एक बाई हुती, कुठली ते मला म्हाईत न्हाई. तिला आपली भाषा येत नव्हती. पत्र्याच्या शेडात रोज येऊन माज्याजवळ बसायची. काई काम नव्हतं तिला. नुसती बसायची. मला तिचा राग यायचा. मग एक दिस ती आली न्हाई तर मी वाट बघत बसले."

जवळपास बावन्न गावं उचलून नव्या जागी वसवली गेली. आजी ह्या गावात आल्या तेव्हाची गोष्ट त्या हसत सांगतात, पण ती हसण्यासारखी नाही. जमिनीप्रमाणे घर मिळालं, अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फूट. रस्ते सरळ, रुंद, शहरातल्या कॉलनीसारखे. जुन्या गावात बोळ एवढा अरुंद की ह्या घरातून त्या घरात हात लांबवून वाटी देता यायची. इथं शेजारीण रस्त्यापलीकडे, आणि जुनी शेजारीण चार गल्ल्या सोडून. "रातच्याला रस्त्याकडं बघून भ्या वाटायचं. कुणाच्याच दारातलं बोलणं ऐकू येईना. आमाला बी हितं रुळायला दहा सालं लागली, माय. आपलंच गाव, आपलीच माणसं, तरी. तू तर कुठली कोण."

पाव्हणीनं फोन बाहेर काढलेला नव्हता. उठताना आजींनीच तिला टोकलं, "काढ की फोटू. एवढं चालत आलीस."

गुरुवार-शुक्रवार, १०-११ जानेवारी

गुरुवारी सकाळी मी जागी झाले ती आजींच्या आवाजानं.

"अगं ए भवाने! आक्की बादली वतलीस? तुज्या बापानं बोअर मारलीय का हितं?"

पाव्हणीनं केस धुतले होते. धुतले ते धुतले, फेस जाईना म्हणून दुसरी बादलीही. घरातलं कालचं राहिलेलं पाणी संपलं होतं. ती ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून उभी, आणि माझ्याकडे बघत, की ह्या काय म्हणतात? क्षणभर वाटलं, सौम्य करून सांगावं. मग सगळं सांगितलं, बापाच्या बोअरसकट.

ती लाल झाली. आजी पुढे पंधरा मिनिटं बोलत होत्या. टंचाईत खेड्यात माणशी वीस लिटर पाणी द्यायचं असा सरकारी हिशेब असतो. तिकडे तिच्या देशात एक माणूस दिवसाला शंभरावर लिटर सहज वापरतो, आणि तेही नळाचं, तोंड लावून प्यावं असं. हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं. चूक खरं तर माझी.

मला माझी बाई आठवली. मी राहायचे त्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक विधवा बाई होती. सहा आठवडे आम्ही जिन्यात 'हालो' पलीकडे गेलो नव्हतो. एका सकाळी तिनं दार ठोठावलं, हातात माझी दह्याची बरणी. काच कागदाच्या डब्यात टाकली होती मी. कुठला कचरा कुठं, हे तिनं मला खाली नेऊन एकेक झाकण उघडून दाखवलं, आवाज चढवून. बाटलीवर पंचवीस सेंट परत मिळतात आणि मी त्या फेकते, म्हणून तर तिला झीटच यायची बाकी होती. त्या संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं, "आज मला एक बाई बोलल्या." आई म्हणाली, "मग? चांगलंय की."

गुरुवारी संध्याकाळी आजींनी पाव्हणीच्या पुढ्यात दोन कळश्या ठेवल्या. सुनेचं गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं. "उद्यापासून लाइट आली की हिनं नंबर धरायचा. सांग तिला."

शुक्रवारी ती पहिल्यांदा नंबराला उभी राहिली आणि तीन बायकांनी तिला पुढे सोडलं. आजी घरी आल्यावर पुन्हा तिलाच बोलल्या, दुसऱ्याचा नंबर घेतला म्हणून.

शनिवार, १२ जानेवारी

उमरग्याला जाऊन नोंदणी. पोर्टलनं फोटो दोनदा नाकारला, एकदा मोठा म्हणून, एकदा लहान म्हणून. तिसऱ्यांदा सायबर कॅफेच्या मुलानं भिंतीवर पांढरी चादर लावून नवाच काढला. चौदा दिवसांपैकी बारा संपले होते. दोघींनी एकेक कप चहा घेतला, दुधाचा. तिनं पिऊन टाकला.

रविवारी भोगीचा बाजार, बांगड्या भरणं आणि माझी बॅग. लिहिण्यासारखं काही नाही.

सोमवार, १४ जानेवारी

आज भोगी. "आज कोण घर सोडतंय का?" म्हणून आजी सकाळपासून धुसफुसत होत्या. मी म्हटलं, उद्या वर्ग आहेत, आणि आल्याला तेरा दिवस झाले. "तेरा दिस म्हणू नये!" त्या खेकसल्या, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या चार भाकऱ्या, भोगीची भाजी, वर लोण्याचा गोळा असं बांधून दिलं.

पाव्हणी मला पाटीवर सोडायला येणार होती. तिनं एक चिठ्ठी लिहून ठेवलेली, माझी बॅगही तिच्याच खांद्यावर. दार ओलांडलं आणि चौकातून आरोळी आली, "लाइट आलीऽऽ!"

फेज आजपासून रात्रीची व्हायला हवी होती, ही सकाळीच आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं. बॅग माझ्या हातात दिली आणि कळश्या उचलून पळाली. चिठ्ठी तिच्या खिशातच राहिली.

पाटीकडे जाताना रस्ता चौकावरूनच जातो. तोटीपाशी गर्दी होती आणि गर्दीच्या वर तिचं डोकं. कुणीतरी तिची कळशी रांगेतून सरकवून आपलं कॅन लावलं होतं. ती त्या बाईशी भांडत होती, मराठी, जर्मन आणि हातवारे मिळून, आणि मधेच तिच्या तोंडून स्पष्ट आलं, "कळशी माझी! आधी कळशी!"

दोन्ही 'ळ' अगदी स्वच्छ. तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नसावं. बालवाडीतली ती चार वर्षांची मुलगी तिथंच कडेला उभी होती, तिनं मात्र झटकन मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

मी हात केला. तिचे दोन्ही हात गुंतलेले, तिनं कोपर हलवलं आणि पुन्हा तोटीकडे वळली. एस.टी. भोगीच्या गर्दीनं भरून आली. लामजन्यापर्यंत मला बसायला जागा मिळाली नाही.